मराठी समाज आणि इंग्रजी खाद्यपदार्थ

मराठी समाज आणि इंग्रजी खाद्यपदार्थ यांचा निकटचा संबंध एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, महाराष्ट्रात ब्रिटिश सत्ता स्थिरावल्यानंतर आला. लष्करी छावण्या, ख्रिस्ती मिशने, रेल्वे आणि शहरांतील बेकऱ्या या मार्गांनी चहा, बिस्कीट, केक, जॅम, कस्टर्ड, कटलेट इत्यादी पदार्थ मराठी घरांत पोहोचले. दुसरीकडे, शिक्षण व नोकरीसाठी विलायतेला गेलेल्या मराठी स्त्री-पुरुषांनी इंग्रजांचे रोजचे घरगुती अन्न त्यांच्याच देशात परके म्हणून चाखले. या दोन्ही प्रवाहांत पदार्थाच्या चवीपेक्षा तो कोणाच्या हातचा आहे, कोणाच्या पंक्तीत खायचा आहे आणि त्यात काय घातले आहे, हे प्रश्न दीर्घकाळ निर्णायक ठरले. अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर जिल्हा) छावणी, मिशन आणि राजबंद्यांचा किल्ला एकाच परिसरात असल्याने या संबंधाचे अनेक पैलू तेथे एकत्र पाहावयास मिळतात.

संज्ञा आणि व्याप्ती

थकलेल्या, आजारी किंवा घरापासून दूर असलेल्या माणसाला जे साधे, ऊन आणि ओळखीचे अन्न दिलासा देते, त्यासाठी मराठीत एक रूढ संज्ञा नाही. मात्र ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही. मऊभात व तूप, पेज, मुगाची खिचडी, पिठले-भाकरी, मेतकूट-भात ही त्याची मराठी उदाहरणे होत. इंग्रजी खाद्यपरंपरेत हेच स्थान दूध घातलेला चहा, लोणी लावलेला टोस्ट, ओटची लापशी, कुस्करलेला बटाटा, भाजलेले मांस व रस्सा, मासा व बटाट्याचे तळलेले काप, आणि कस्टर्ड घातलेले गोड पुडिंग यांना आहे. मेजवानीचे किंवा मोठ्या हॉटेलांतील पदार्थ या लेखाच्या कक्षेत येत नाहीत.

‘पाव’ या पदार्थाबाबत एक भेद लक्षात घ्यावा लागतो. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असून आंबवलेला पाव गोवा व वसईमार्गे इंग्रजांच्या आधीच पश्चिम किनाऱ्यावर पोहोचला होता. साच्यात भाजून कापलेल्या चौकोनी वड्यांचा ‘ब्रेड’ ही मात्र इंग्रजी वळणाची वस्तू आहे. मराठीत दोन्ही शब्द आजही वेगवेगळ्या वस्तूंसाठी वापरले जातात.

पार्श्वभूमी : अन्न आणि जात

एकोणिसाव्या शतकातील मराठी समाजात अन्न-पाण्याचे नियम जातिव्यवस्थेशी घट्ट बांधलेले होते. रोटीव्यवहार व बेटीव्यवहार यांच्या मर्यादा ठरलेल्या होत्या. उच्चवर्णीय घरांत स्वयंपाक सोवळ्यात होई, आणि परजातीच्या किंवा परधर्मीयाच्या हातचे शिजवलेले अन्न व पाणी वर्ज्य मानले जाई. नियम मोडणाऱ्यावर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, येऊ शकत असे. बहिष्कृताच्या घरी भटजी येत नसे, त्याला पंक्तीला बोलावले जात नसे आणि त्याच्या मुलामुलींची लग्ने अडत.

पावाविषयीचा संशय याहून जुना होता. पोर्तुगीज अमलात विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा वसई परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. किनाऱ्यावरील पाववाले पीठ आंबवण्यासाठी ताडी वापरत, हेही आक्षेपाचे एक कारण होते. त्यामुळे पाव, बिस्कीट आणि चहा या वस्तू धर्मांतराच्या भीतीशी जोडल्या गेल्या. या नियमांच्या खाली दडपलेल्या अस्पृश्य समाजासाठी प्रश्न उलटा होता. इतरांनी त्यांच्या हातचे काही घ्यावे किंवा त्यांना आपल्या पंक्तीला बसवावे, हीच त्यांच्या दृष्टीने मुख्य बाब होती.

अहमदनगर जिल्हा

छावणी

१२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्ली याच्या सैन्याने अहमदनगरचा किल्ला जिंकला. पेशवाईच्या अस्तानंतर येथे ब्रिटिश प्रशासन सुरू झाले आणि शहरालगत भिंगारच्या बाजूस लष्करी छावणी वाढत गेली. गोऱ्या सैनिकांना पाव, मांस, चहा आणि लोणी यांचा नियमित पुरवठा लागे. त्यातून भट्ट्या, खाटिकखाने, दुधाचे रतीब आणि खानसाम्यांचा एक वर्ग उभा राहिला. छावणीतील स्वयंपाकघरांत काम करणाऱ्या स्थानिक लोकांनी इंग्रजी पदार्थ प्रथम हाताळले. ज्यांना ते पदार्थ करता येत होते, त्यांना ते साहेबाच्या मेजावर बसून खाता येत नव्हते, ही त्या काळातील विसंगती होय. ब्रिटिश विनोदकार स्पाइक मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर येथे एका लष्करी कुटुंबात झाला होता.

मिशन

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे केंद्र सुरू केले. त्याचे धर्मोपदेशक अमेरिकन होते. परंतु त्यांच्या घरांतील चहा, ब्रेड, केक आणि मेज-खुर्चीची जेवणपद्धत स्थानिक लोकांच्या दृष्टीने ‘साहेबी’च होती. मिशनच्या शाळा, वसतिगृहे आणि वडाळा, राहुरी यांसारख्या ठाण्यांमुळे जिल्ह्यातील ग्रामीण भागातही या चालीरीतींचा परिचय झाला. मिशनच्या प्रभावाने ख्रिस्ती झालेल्यांत महार व मांग समाजांतील कुटुंबांची संख्या मोठी होती. वेगवेगळ्या जातींतून आलेल्या माणसांनी एकत्र बसून खाणे, ही त्यांच्या दृष्टीने पदार्थाहून मोठी घटना होती.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचे पुढील बरेच आयुष्य अहमदनगर जिल्ह्यात गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून प्रसिद्ध) या आत्मचरित्रात नगर व राहुरी येथील वास्तव्याचे तपशीलवार वर्णन आहे. पतीच्या धर्मांतरानंतरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे व वेगळा स्वयंपाक काही काळ सांभाळला. पुढे जातिभेद मनुष्यनिर्मित आहे अशी त्यांची स्वतःची खात्री पटली, आणि मगच त्यांनी अन्नपाण्याचे निर्बंध सोडले. बदल बाहेरच्या दडपणाने न घडता अंतर्यामीच्या विचाराने कसा घडतो, याचा हा मराठीतील महत्त्वाचा दस्तऐवज मानला जातो.

जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती कुटुंबांत नाताळच्या फराळात केकच्या जोडीला करंज्या, शंकरपाळी, चकल्या व लाडू केले जातात. धर्म बदलला तरी सणाची मराठी चव कायम राहिल्याचे हे उदाहरण आहे.

किल्ल्यातील राजबंदी

‘भारत छोडो’ आंदोलनाच्या प्रारंभी, ऑगस्ट १९४२ मध्ये, काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना अबुल कलाम आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदी नेते १९४५ पर्यंत तेथे होते. नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ येथेच लिहिला. आझादांनी याच काळात लिहिलेल्या आणि पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या उर्दू पत्रांत चहाविषयी विस्तृत विवेचन आहे. आझाद पहाटे उठून स्वतःच्या हाताने चिनी चहा तयार करीत. चहात दूध घालण्याची इंग्रजी रीत त्यांना मान्य नव्हती आणि भारतीयांनी ती उचलल्याबद्दल त्यांनी पत्रांतून नाराजी व्यक्त केली आहे. इंग्रजी राजवटीच्या कैदेत बसून इंग्रजी चहावर केलेली ही टीका भारतीय चहासाहित्यात वेगळी ठरते.

पंचहौद चहा प्रकरण

अन्नग्रहण हे सामाजिक संघर्षाचे कारण कसे ठरले, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुण्यात घडले. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये झालेल्या कार्यक्रमास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासह पुण्यातील अनेक प्रतिष्ठित मंडळी उपस्थित होती. कार्यक्रमानंतर पाहुण्यांना चहा व बिस्किटे देण्यात आली. कोणी चहा घेतला, कोणी केवळ पेला हाती धरला, तर कोणी तो तसाच ठेवला. या प्रसंगामागे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांचा पुढाकार होता. पुढे उपस्थितांची नावे ‘पुणेवैभव’ या वृत्तपत्रातून जाहीर झाली.

सनातनी पक्षाने हे प्रकरण शंकराचार्यांपुढे नेले. शंकराचार्यांनी चौकशीसाठी शास्त्र्यांचे मंडळ नेमले. टिळकांनी धर्मशास्त्राच्या आधारे आपली बाजू मांडली आणि आपण काशी येथे प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांनी त्यांच्यावर टीका केली. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकात या प्रकरणाचा घरावर झालेला परिणाम नोंदवला आहे.

या वादात चहा चांगला की वाईट, हा मुद्दाच नव्हता. सुधारक आणि सनातनी या दोघांच्याही लेखी प्रश्न होता तो मिशनच्या आवारात, ख्रिस्ती हातून काही घेण्याचा. पुढील काही दशकांत त्याच पुण्यात चहाची दुकाने गल्लोगल्ली निघाली.

चहाचा प्रसार

आसाममध्ये चहाची व्यापारी लागवड १८३० च्या दशकात सुरू झाली. परंतु आरंभी बहुतेक माल इंग्लंडला जाई. देशातच ग्राहक निर्माण व्हावा म्हणून १९०३ मध्ये चहावर उपकर बसवण्यात आला आणि त्या निधीतून जाहिरात करण्यात आली. रेल्वे स्थानके, गिरण्या व बाजार येथे चहा कसा करावा याची प्रात्यक्षिके दाखवली जात. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाल्याने अहमदनगर रेल्वेच्या जाळ्यात आले होते, आणि अशा मार्गांवरील स्थानके चहाच्या प्रसाराची केंद्रे बनली.

इंग्रजी पद्धतीत किटलीत पत्तीवर उकळते पाणी ओतून ती काही मिनिटे मुरू देतात, आणि दूध व साखर पेल्यात स्वतंत्रपणे घालतात. मराठी घराने ही रीत बदलली. पाणी, साखर, चहापूड आणि दूध एकाच भांड्यात उकळून, त्यात आले, वेलदोडा किंवा गवती चहा घालून तो गाळला जाऊ लागला. त्यामुळे चहापूड कमी लागे, दुधाची चव अधिक येई आणि साखरेमुळे पोटाला आधार मिळे. शेतमजूर व गिरणीकामगार यांच्यासाठी हा आधार महत्त्वाचा होता.

अहमदनगर जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेशीही या पेयाचा अप्रत्यक्ष संबंध आहे. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचे उत्पादन १९५० मध्ये सुरू झाले. सहकारी साखर कारखानदारी आणि दुग्धव्यवसाय हे जिल्ह्याच्या ग्रामीण जीवनाचे दोन आधारस्तंभ ठरले. चहाला लागणारे दूध आणि साखर या दोन्ही वस्तूंचे उत्पादन त्यामुळे जिल्ह्यातच मोठ्या प्रमाणावर होऊ लागले.

आजाऱ्याचे अन्न

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक मध्यमवर्गीय मराठी घरांत ब्रेड व बिस्कीट हे रोजचे खाणे नव्हते. ते आजाऱ्याचे अन्न होते. ताप उतरल्यावर दुधात किंवा चहात बुडवलेला पाव, बार्लीचे पाणी, हॉर्लिक्ससारखे माल्टयुक्त पेय, साधे बिस्कीट असा आहार डॉक्टर सुचवीत. औषध म्हणून घेतलेल्या वस्तूला सोवळ्याचा नियम सैल होत असे. इंग्रजी वैद्यकावरील विश्वास आणि इंग्रजी पथ्याचे अन्न हे दोन्ही एकाच दाराने घरात आले. रुग्णाला भेटायला जाताना बिस्किटांचा पुडा नेण्याची पद्धतही यातूनच रूढ झाली असावी.

देशी उत्पादनामुळे हा संकोच आणखी कमी झाला. १९२९ मध्ये मुंबईच्या विलेपार्ले उपनगरात सुरू झालेल्या पार्ले कंपनीने १९३९ च्या सुमारास बिस्किटांचे उत्पादन हाती घेतले. पार्ले-जी हे बिस्कीट पुढे खेड्यापाड्यांत पोहोचले आणि चहात बुडवून बिस्कीट खाणे ही सर्व जातिधर्मांत समान असलेली सवय झाली.

बेकरी, कस्टर्ड आणि जॅम

- श्रूजबेरी बिस्कीट : इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातील श्रूजबेरी या गावाच्या नावाने ओळखले जाणारे लोणीयुक्त, खुसखुशीत बिस्कीट. इंग्लंडमध्ये या प्रकाराचे उल्लेख अनेक शतकांपासून आढळतात. पुण्याच्या लष्कर भागातील कयानी बेकरीमुळे (स्थापना १९५५) हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. पुण्याहून परगावी किंवा परदेशी जाताना भाकरवडीबरोबर श्रूजबेरीचे खोके नेण्याचा प्रघात आहे.
- खारी, टोस्ट व बटर : पापुद्र्यांची खारी, दोनदा भाजलेला टोस्ट आणि ‘बटर’ नावाने ओळखला जाणारा कडक गोल पाव हे चहात बुडवून खाण्याचे बेकरीतील पदार्थ. पाश्चात्त्य भाजणीची पद्धत आणि स्थानिक चव यांच्या मेळातून ते घडले.
- कस्टर्ड : दूध व अंडी यांची दाटसर गोड पातळी. अंड्याची बाधा होणाऱ्या आपल्या पत्नीसाठी बर्मिंगहॅमचे रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये मक्याच्या पिठापासून बिनअंड्याची कस्टर्ड पूड तयार केली. याच गुणामुळे ती शाकाहारी मराठी घरांत विनातक्रार स्वीकारली गेली. पुण्यातील विकफील्ड कंपनीच्या उत्पादनांमुळे तिचा प्रसार झाला. इंग्लंडमध्ये कस्टर्ड ऊन करून पुडिंगवर ओततात. महाराष्ट्रात ते थंड करून त्यात केळी, सफरचंद, द्राक्षे, डाळिंबाचे दाणे घालतात.
- जॅम व स्ट्रॉबेरी : १८२० च्या दशकाच्या अखेरीस, सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत महाबळेश्वर हे आरोग्यस्थान म्हणून विकसित झाले. तेथील थंड हवेत स्ट्रॉबेरीची लागवड इंग्रजांच्या काळात सुरू झाली. पाचगणी येथे १९५९ मध्ये सुरू झालेल्या मॅप्रो कंपनीने जॅम व सरबतांचा व्यवसाय वाढवला. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. स्ट्रॉबेरी आणि साय ही इंग्रजी उन्हाळ्यातील जोडी महाबळेश्वरात हिवाळ्या-वसंतात मिळते.
- पॅटिस व कटलेट : मूळ मांसाचे हे पदार्थ बटाट्याच्या साहाय्याने शाकाहारी झाले. बटाट्याच्या आवरणात खोबरे, कोथिंबीर व दाण्याचे कूट भरलेले ‘उपवासाचे पॅटिस’ हे या रूपांतराचे टोक म्हणता येईल. विलायती नावाचा पदार्थ एकादशीच्या ताटात बसला.

विलायतेतील मराठी माणसे

पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीमंडळाच्या मठात राहिल्या. याच मंडळाच्या भगिनी पुण्यात पंचहौद येथेही कार्यरत होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली; मात्र शाकाहार सोडला नाही. १८८४ ते १८८६ या काळात त्या चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात शिकत व शिकवीत होत्या. त्यांच्या आहाराच्या आग्रहात जातीचा अभिमान उरला आहे, असा आक्षेप सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात पुढे आला. त्याला उत्तर देताना रमाबाईंनी विचारले की, एखादी इंग्रज स्त्री हिंदूंमध्ये राहायला गेली आणि तिने आपल्या चालीरीती सोडल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेले तिला आवडेल काय? धर्म स्वीकारणे आणि यजमानांचे ताट स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही भूमिका त्यांनी स्पष्टपणे मांडली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर

भीमराव रामजी आंबेडकर १९२० मध्ये आपले अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी त्या काळातील त्यांच्या तुटपुंज्या आहाराचे वर्णन केले आहे. सकाळी जॅम लावलेला टोस्ट व चहा, रात्री बोव्हरिल (गोमांसाच्या अर्कापासून केलेले ऊन पेय) व बिस्किटे, आणि मध्यरात्री अभ्यास करताना भूक लागल्यास जवळचे पापड, असा तो आहार होता. दिवसाचा वेळ ते ग्रंथालयात घालवीत. इंग्रजांच्या दृष्टीने दिलासा देणारे हे पदार्थ एका गरीब विद्यार्थ्याच्या बाबतीत केवळ भूक भागवण्याचे साधन होते. ते राहत असलेले किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये खरेदी केले. तेथे आता स्मारक आहे.

मराठी कुटुंबे

लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ मध्ये झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर डॉक्टर, अभियंते आणि पुढे संगणक क्षेत्रातील तज्ज्ञ यांच्या कुटुंबांमुळे मराठी वस्ती वाढली. गणेशोत्सवात उकडीचे मोदक करणाऱ्या या कुटुंबांतील पुढच्या पिढीसाठी टोस्टवरील बीन्स किंवा मासा व बटाट्याचे काप हे परक्याचे अन्न राहिलेले नाही. वरणभाताइतकेच तेही बालपणीचे अन्न आहे.

प्रमुख पदार्थ आणि त्यांतील घटक

इंग्लंडला जाणाऱ्या वाचकांना पुढील पदार्थ वारंवार आढळतात. आहाराचे नियम पाळणाऱ्यांना त्यांतील घटकांची माहिती उपयुक्त ठरते.

- मासा व बटाट्याचे काप : पिठात घोळवून तळलेला पांढरा मासा व जाड काप, वर मीठ आणि सिरका. हा पदार्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कामगारवस्तीत लोकप्रिय झाला. दुसऱ्या महायुद्धात इतर अन्नावर नियंत्रण असताना त्याच्यावर ते नव्हते. काही दुकानांत, विशेषतः उत्तर इंग्लंडमध्ये, तळण्यासाठी गोवंशाची चरबी वापरतात. त्यामुळे तेथील केवळ बटाट्याचे कापही शाकाहारी नसतात.
- शेफर्ड्स पाय : खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन भाजलेला पदार्थ. मेंढीच्या खिम्याचा तो ‘शेफर्ड्स’ आणि गोमांसाचा तो ‘कॉटेज’ पाय, असा भेद आज केला जातो.
- रविवारचे भाजलेले जेवण : भाजलेले मांस, बटाटे, भाज्या, रस्सा व यॉर्कशर पुडिंग. हे पुडिंग गोड नसून पीठ, अंडी व दूध यांचा फुगलेला खारा पदार्थ असतो. कुटुंबाने एकत्र बसून खाण्याचे हे जेवण आहे.
- पॉरिज : ओटची लापशी. गव्हाच्या दलियाची सवय असलेल्यांना ती परकी वाटत नाही.
- राइस पुडिंग : तांदूळ, दूध व साखर मंद आचेवर भाजून केलेला पदार्थ, तांदळाच्या खिरीशी त्याचे साम्य आहे. वेलदोड्याऐवजी जायफळ वापरतात.
- स्कोन व घट्ट साय : लहान गोल, गोडसर पाव, जॅम आणि मंद आचेवर तापवलेल्या दुधावरची साय. डेव्हन परगण्यात आधी साय व मग जॅम लावतात, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. मराठी घरातील साय-साखर-पोळीची आठवण करून देणारा हा पदार्थ आहे.
- वाफवलेले पुडिंग : परंपरेने यात सुएट, म्हणजे जनावराच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी, घालतात. नाताळच्या पुडिंगमध्ये व सुक्या मेव्याच्या ‘मिन्स पाय’मध्येही ती असू शकते. वनस्पतिजन्य पर्याय उपलब्ध आहे.
- जेली : सामान्यतः प्राण्यांच्या हाडे-कातड्यापासून मिळणाऱ्या जिलेटिनने घट्ट होते.
- वूस्टर सॉस : यात अँकोव्ही हा मासा असतो.

ब्रिटनमध्ये शाकाहारी संघटना १८४७ मध्येच स्थापन झाली होती. आज तेथील बहुतेक वेष्टित पदार्थांवर घटकांची यादी असते आणि शाकाहारी पदार्थ स्वतंत्रपणे दर्शवले जातात.

उलट दिशेचा प्रवास

ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. खिचडीपासून इंग्रजांचे ‘केजरी’ निर्माण झाले. त्यात डाळीऐवजी धुरावलेला मासा व उकडलेले अंडे आले, आणि तो न्याहारीचा पदार्थ ठरला. चटणी हा शब्द व पदार्थ इंग्रजीत स्थिरावला. मात्र तेथे तो फळे, साखर व सिरका यांचा मुरंब्यासारखा प्रकार बनला. मराठी घराने चहा आणि कस्टर्ड जसे बदलून घेतले, तसेच इंग्रजी घराने खिचडी व चटणी बदलून घेतली.

भाषा व लोकव्यवहार

बिस्कीट, केक, टोस्ट, जॅम, कटलेट हे शब्द मराठीत रूढ झाले. ‘कपबशी’ या जोडशब्दातील ‘कप’ इंग्रजी आहे. अनौपचारिक आदरातिथ्यासाठी ‘चहापाणी’, तर वधूवरांच्या पाहण्याच्या कार्यक्रमासाठी ‘चहापोहे’ वा ‘कांदेपोहे’ हे शब्द वापरले जातात. ‘चहापाणी’चा लाच हा उपरोधिक अर्थही सर्वश्रुत आहे.

चहा घेणे किंवा नाकारणे याला असलेला सामाजिक अर्थ अद्याप लोपलेला नाही. एकेकाळी अनेक गावांतील चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवली जाई; ही प्रथा अस्पृश्यतेचे रूप असून संविधानाच्या अनुच्छेद १७ नुसार अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. महाराष्ट्र विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या पूर्वसंध्येला सरकारतर्फे चहापानाचे आयोजन होते आणि विरोधी पक्ष अनेकदा त्यावर बहिष्कार टाकतात. १८९० मध्ये चहा घेतल्यामुळे बहिष्कार ओढवला होता. आज बहिष्कार व्यक्त करण्यासाठी चहा नाकारला जातो.

हेही पाहा

पंचहौद मिशन चहा प्रकरण, स्मृतिचित्रे, अहमदनगरचा भुईकोट किल्ला, पंडिता रमाबाई, इराणी हॉटेल, महाबळेश्वर